खनिजांच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे

हृदयाची झडप बदललेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसाच्या घरी औषधांचा एक डबा असतो. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असते, रक्तदाबाची असते, लघवी वाढवणारी असते. आणि पुष्कळदा कॅल्शियमची, लोहाची किंवा 'ताकदीची' म्हणून आणलेली एखादी गोळीही असते. पहिल्या तीन डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतात. चौथी अनेकदा चिठ्ठीशिवाय आलेली असते आणि तिची गणना औषधात होत नाही. ही चौथी गोळी पहिलीच्या कामात अडथळा आणते का, आणतच असेल तर कोणत्या वाटेने, हा या लेखाचा विषय आहे. खनिज स्वतः रक्ताच्या गोठण्यात क्वचितच ढवळाढवळ करते. अडचण येते ती खनिजाबरोबर आलेल्या घटकामुळे, गोळी घेण्याच्या वेळेमुळे, मूत्रपिंडामुळे किंवा खनिजाआड झाकल्या गेलेल्या लक्षणामुळे.

रक्त पातळ होणे

'रक्त पातळ करणारी गोळी' हा रूढ शब्दप्रयोग आहे, पण या औषधांनी रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. दुधात पाणी घातल्यासारखे काही घडत नाही. रक्ताची गुठळी होण्याची क्रिया मंदावते एवढेच. ही क्रिया दोन टप्प्यांत चालते. जखमेच्या जागी आधी प्लेटलेट, म्हणजे रक्तातील सूक्ष्म चकत्या, एकमेकींना चिकटतात. मग रक्तातील प्रथिनांची साखळी जागी होऊन तंतूंचे जाळे विणले जाते आणि गुठळी पक्की होते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल पहिल्या टप्प्यावर काम करतात. वॉर्फरिन, असिनोकौमारॉल, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान, अपिक्साबान ही औषधे दुसऱ्यावर. बोलताना दोन्ही गटांना एकच नाव दिले जाते, परंतु खनिजांच्या गोळ्यांशी त्यांचे संबंध वेगवेगळे आहेत.

औषधाची गरज

हृदयाचे वरचे कप्पे ठरावीक लयीत आकुंचन न पावता नुसतेच थरथरू लागले, की त्यांत रक्त साचते आणि साचलेल्या रक्तात गुठळी होते. या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तेथून सुटलेली गुठळी मेंदूत पोहोचली तर पक्षाघात होतो. दुसरे मोठे कारण धातूच्या किंवा कार्बनच्या कृत्रिम झडपेचे. अशा परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू पाहते, त्यामुळे ही गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. भारतात संधिवाती तापाने झडपा खराब झालेल्या रुग्णांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली स्वदेशी झडप १९९० साली प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. अशी धातूची किंवा कार्बनची झडप असलेल्यांना डॅबिगॅट्रानसारखी नवी औषधे चालत नाहीत. २०१२ साली डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली. म्हणून वॉर्फरिन आणि असिनोकौमारॉल ही जुनी औषधे आजही टिकून आहेत. असिनोकौमारॉलच्या पट्टीवर काही वेळा निकौमॅलोन हे त्याचे जुने नावही आढळते.

के जीवनसत्त्व आणि वॉर्फरिन

१९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतील गुरे किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली. कारण निघाले कुजलेला 'स्वीट क्लोव्हर' हा चारा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातील द्रव्य वेगळे केले. त्याच्याच धर्तीवर बनवलेले वॉर्फरिन १९४८ साली उंदरांचे विष म्हणून आणि १९५४ पासून माणसांचे औषध म्हणून वापरात आले. दुसरीकडे कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांत रक्त गोठण्यासाठी लागणारे एक जीवनसत्त्व सापडले. गोठण्याला जर्मन व डॅनिश भाषांत असलेल्या शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला 'के' हे नाव मिळाले. या दोन शोधांचा सांधा असा, की यकृतात के जीवनसत्त्व एकदा वापरले की ते पुन्हा वापरण्याजोगे करावे लागते, आणि वॉर्फरिन नेमके हे पुनरुज्जीवन रोखते. परिणामी गोठण्याच्या साखळीतील दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक अर्धवट अवस्थेत राहतात.

चौथा घटक: कॅल्शियम

गोठण्याच्या घटकांना रोमन अंकांनी क्रम दिलेले आहेत. त्यांतील चौथा घटक प्रथिन नाही. तो कॅल्शियम आहे. के जीवनसत्त्वाच्या साहाय्याने वरील चार प्रथिनांवर विशिष्ट रासायनिक गट बसवले जातात. या गटांना कॅल्शियमचे आयन चिकटतात आणि त्या आयनांच्या आधाराने प्रथिने प्लेटलेटच्या पृष्ठभागावर घट्ट बसतात. के जीवनसत्त्व जणू कडी बसवते आणि कॅल्शियम त्या कडीत अडकणारा आकडा ठरतो. वॉर्फरिन घेतल्यावर कड्याच बसत नाहीत, त्यामुळे कॅल्शियम भरपूर असूनही साखळी जुळत नाही.

निळ्या झाकणाची नळी

कॅल्शियमची ही भूमिका प्रत्येक तपासणीच्या वेळी डोळ्यांसमोर घडत असते. गोठण्याच्या तपासणीसाठी रक्त घेतात ती काचेची किंवा प्लॅस्टिकची नळी फिकट निळ्या झाकणाची असते. तिच्या तळाशी सोडियम सायट्रेटचे ३.२ टक्के तीव्रतेचे थोडे द्रावण असते. नऊ भाग रक्ताला एक भाग असे त्याचे प्रमाण. सायट्रेट रक्तातील मुक्त कॅल्शियम पकडून ठेवते, म्हणून नळीतील रक्त गोठत नाही. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर हे प्रमाण बिघडते आणि उत्तर चुकते. तंत्रज्ञ अपुरी नळी परत पाठवतात ती याच कारणाने. प्रयोगशाळेत रक्त फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा करतात आणि त्यात ऊतींचा घटक व कॅल्शियम एकत्र घालतात. कॅल्शियम परत मिळताच साखळी सुरू होते आणि गुठळी होईपर्यंतचे सेकंद मोजले जातात.

कॅल्शियमच्या गोळीने रक्त घट्ट होते का

नळीतले हे चित्र पाहिले की एक शंका स्वाभाविकपणे येते: कॅल्शियम घातल्याने रक्त गोठत असेल, तर कॅल्शियमची गोळी औषधाचा परिणाम पुसून टाकील. प्रत्यक्षात तसे होत नाही. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तातील उरलेले कॅल्शियम गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी अतिशय अरुंद मर्यादेत राखतात; निरोगी माणसात ते १०० मिलिलीटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. गोळीतून जास्त आले की ते हाडांत किंवा लघवीत जाते. गोठण्यासाठी लागणारे कॅल्शियम रक्तात नेहमीच गरजेपेक्षा अधिक असते. रक्त गोठू नये इतके ते कमी होण्याच्या आधीच हृदयाचे आणि स्नायूंचे काम धोक्यात येते. त्यामुळे निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट किंवा सायट्रेटच्या गोळीने वॉर्फरिनचा परिणाम बदलत नाही.

आयएनआर

वॉर्फरिनची मात्रा वजनावरून ठरत नाही. ती आयएनआर या आकड्यावरून ठरते. रुग्णाच्या रक्ताला गुठळी होण्यास लागलेला वेळ भागिले सामान्य वेळ, आणि त्यावर अभिकर्मकाच्या, म्हणजे तपासणीत घातलेल्या द्रव्याच्या, संवेदनशीलतेची दुरुस्ती, असे त्याचे गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली ही पद्धत स्वीकारली, म्हणून पुण्यातला आकडा आणि लंडनमधला आकडा तुलनेस योग्य ठरतो. सामान्य वेळ १२ सेकंद आणि रुग्णाचा ३० सेकंद असेल, अभिकर्मकाचा निर्देशांक १ असेल, तर आयएनआर २.५ येतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये सहसा २ ते ३ आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या कप्प्यांमधील कृत्रिम मिट्रल झडपेसाठी सहसा २.५ ते ३.५ असे लक्ष्य ठेवतात. आकडा खाली गेला तर गुठळीचा धोका, वर गेला तर रक्तस्रावाचा. गोळ्यांचे परस्परसंबंध मोजण्याची पट्टी हीच आहे.

सोबत येणारे के जीवनसत्त्व

कॅल्शियम निर्दोष ठरले तरी कॅल्शियमची गोळी निर्दोष ठरतेच असे नाही. बाजारातील अनेक गोळ्यांत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या जोडीला के-२-७ हे के जीवनसत्त्वाचे रूप घातलेले असते. बहुखनिज-बहुजीवनसत्त्व गोळ्यांत पालेभाज्यांतले के-१ रूप असू शकते. के-१ रक्तातून काही तासांत कमी होते. के-२-७ चा अंमल अनेक दिवस राहतो आणि रोजच्या गोळीने तो साठत जातो. त्यामुळे मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाणारी छोटी मात्राही आयएनआर खाली खेचू शकते. ज्यांच्या आहारात के जीवनसत्त्व मुळातच कमी आहे, त्यांच्यात साध्या बहुजीवनसत्त्व गोळीतील २५ मायक्रोग्रॅमनेही आयएनआर घसरल्याचे दिसले आहे. कॅल्शियम सुरू केले आणि रक्त घट्ट झाले, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दोष बहुधा कॅल्शियमचा नसतो, त्याच्या सहप्रवाशाचा असतो. हा संबंध वॉर्फरिन आणि असिनोकौमारॉलपुरता आहे. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान, अपिक्साबान के जीवनसत्त्वावर अवलंबून नाहीत.

हाडांचा पेच

के-२ गोळीत घालण्यामागे तर्क आहे. हाडांतील ऑस्टिओकॅल्सिन आणि धमन्यांच्या भिंतीत चुना साचू न देणारे एक प्रथिन ही दोन्हीही के जीवनसत्त्वावर चालतात. वॉर्फरिन यकृतातली क्रिया रोखते तशी येथलीही रोखते. दीर्घकाळ वॉर्फरिन घेणाऱ्यांत धमन्या आणि झडपांत चुना साचण्याचा संबंध अभ्यासांत दिसून आला आहे. म्हणजे ज्यांच्या हाडांची आणि धमन्यांची काळजी अधिक, त्यांनाच के-२ देणे अवघड, असा हा पेच आहे. येथे के जीवनसत्त्व शत्रू ठरत नाही. आयएनआर अतिशय वाढून रक्तस्राव होऊ लागला तर हेच जीवनसत्त्व मिलिग्रॅमच्या मात्रेत औषध म्हणून देतात. अडचण अनियमिततेची असते. रोज ठरावीक के मिळत असेल तर वॉर्फरिनची मात्रा त्याच्याशी जुळवून ठरवता येते. महिनाभर घेतलेली आणि मग पट्टी संपली म्हणून थांबवलेली गोळी मात्र दोन्ही टोकांना आयएनआर हलवते: सुरू करताना खाली, बंद करताना वर.

लोह

लोहाचा वॉर्फरिनशी होणारा थेट रासायनिक संबंध व्यवहारात फारसा महत्त्वाचा ठरलेला नाही. लोह महत्त्वाचे ठरते ते निदानाच्या दृष्टीने. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना हिमोग्लोबिन घटले, तर जठरात किंवा आतड्यात हळूहळू रक्त झिरपत असण्याची शक्यता आधी पाहावी लागते. त्यामागे जठराचा व्रण, मूळव्याध किंवा आतड्यातील गाठही असू शकते. दुकानातून आणलेल्या लोहाच्या गोळीने आकडा सुधारतो, पण गळती तशीच चालू राहते. दुसरी अडचण शौचाच्या रंगाची. लोहाच्या गोळीने शौचाला काळसर-हिरवट रंग येतो. पोटातील रक्तस्रावानेही शौच काळे होते, परंतु ते डांबरासारखे चकाकणारे, चिकट आणि उग्र वासाचे असते. लोह चालू असताना हा फरक सहज निसटतो.

झडप आणि लोह

कृत्रिम झडपेच्या रुग्णात लोहाच्या कमतरतेचे एक वेगळे कारणही असते. झडपेच्या कडेने रक्त गळत असेल तर त्या जोरदार फवाऱ्यात तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतील लोह लघवीवाटे जाते. येथे लोह देणे योग्य असते. परंतु त्याआधी इकोकार्डिओग्राफीने झडप पाहणेही आवश्यक ठरते. हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णांतही लोहाची कमतरता वारंवार आढळते. त्यांच्यात तोंडाने घेतलेल्या लोहाचा उपयोग फारसा झालेला नाही, म्हणून ते शिरेतून देण्याची पद्धत आहे. थोडक्यात, लोहाची गोळी चालेल का या प्रश्नाआधी लोह का कमी झाले हा प्रश्न येतो.

मॅग्नेशियम

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी मॅग्नेशियमचे थेट वैर नाही. वॉर्फरिनचा पूर्वज डायकौमारॉल मॅग्नेशियमयुक्त आम्लनाशकाबरोबर जास्त शोषला जात असे; वॉर्फरिनमध्ये तसे आढळले नाही. मॅग्नेशियमचा खरा संबंध हृदयाच्या लयीशी आहे. ते कमी झाले तर ठोके अनियमित होऊ शकतात आणि रक्तातील पोटॅशियमही सावरत नाही. ते कमी होण्याची कारणे बहुधा डब्यातच असतात. फ्रुसेमाइड, टोर्सेमाइड यांसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मॅग्नेशियम बाहेर टाकतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर जठराच्या रक्षणासाठी दिलेले पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षे चालू राहिले तर मॅग्नेशियम घटू शकते. मॅग्नेशियमच्या मोठ्या मात्रेने जुलाब होतात. जुलाब आणि कमी झालेले खाणे यांमुळे वॉर्फरिन घेणाऱ्याचा आयएनआर वाढतो. मूत्रपिंड दुबळे असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचते.

पोटॅशियम

या यादीत सर्वांत सावधपणे हाताळण्याजोगे खनिज पोटॅशियम. रक्ताच्या गोठण्याशी त्याचा संबंध नाही, परंतु हृदयरुग्णाच्या इतर औषधांशी आहे. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे पोटॅशियम शरीरात अडवतात. इंजेक्शनने दिले जाणारे हेपॅरिन हे रक्त गोठणे रोखणारे औषधही ॲल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला दाबून पोटॅशियम वाढवू शकते. त्यावर पोटॅशियमचे सिरप घेतले किंवा 'कमी सोडियमचे' मीठ वापरले, ज्यात सोडियमऐवजी काही अंशी पोटॅशियम क्लोराइड असते, तर रक्तातील पातळी हृदय थांबवण्याइतकी चढू शकते. उलट, लघवीच्या गोळ्यांनी ती उतरली आणि रुग्ण डिगॉक्सिनवर असेल, तर डिगॉक्सिनची विषबाधा कमी मात्रेतही होते. म्हणून पोटॅशियम अंदाजाने घेण्याची वस्तू नाही. रक्ततपासणीतील आकड्यावरच ते सुरू किंवा बंद होते.

जस्त आणि सांध्यांच्या गोळ्या

कोविडच्या साथीत जस्ताच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या. नेहमीच्या मात्रेत त्यांचा वॉर्फरिनशी महत्त्वाचा संबंध दिसत नाही. मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलेले जस्त मात्र तांब्याचे शोषण अडवते आणि त्यातून पंडुरोग होतो. तो पुन्हा रक्तस्रावाचा भासू शकतो. सांधेदुखीसाठीच्या गोळ्यांत कॅल्शियमबरोबर ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन असते. त्यांच्यामुळे वॉर्फरिन घेणाऱ्यांचा आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत. के-२ ने तो घटतो, ग्लुकोसामाइनने वाढू शकतो. 'हाडांची गोळी' या एकाच नावाखाली दोन विरुद्ध परिणाम असे दडलेले असतात.

आतड्यातील जुळणी

कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम आणि जस्त हे धनभारित आयन आहेत. आतड्यात ते काही औषधांना धरून न विरघळणारी संयुगे बनवतात. वॉर्फरिन या जाळ्यात फारसे अडकत नाही, पण इतर औषधे अडकतात आणि त्यांच्यामार्फत परिणाम वॉर्फरिनपर्यंत येतो. थायरॉइडची गोळी हे याचे चांगले उदाहरण. सकाळी थायरॉक्सिन आणि लगेच नाश्त्याबरोबर कॅल्शियम घेतले तर थायरॉक्सिनचे शोषण घटते. थायरॉइड मंदावला की गोठण्याचे घटक शरीरात अधिक काळ टिकतात आणि आयएनआर खाली येतो. आकडा का घसरला याचा शोध वॉर्फरिनभोवती चालतो. कारण मात्र नाश्त्याच्या ताटाशेजारी असते. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचे अंतर ठेवल्यास हे टळते. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकेही खनिजांबरोबर घेतल्यास निष्प्रभ होतात. कॅल्शियम लोहाचेही शोषण कमी करते, म्हणून ती दोन वेगळ्या वेळांना देतात. कॅल्शियम कार्बोनेटला जठरातील आम्ल लागते. पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यात कॅल्शियम सायट्रेट अधिक सोयीचे ठरते.

नवी औषधे आणि मूत्रपिंड

डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान आणि अपिक्साबान यांना आयएनआरची नियमित तपासणी लागत नाही आणि पालेभाज्यांचे बंधनही नाही. येथे लक्ष द्यायचे ते मूत्रपिंडाकडे. शोषलेल्या डॅबिगॅट्रानचा सुमारे ८० टक्के भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, अपिक्साबानचा सुमारे २७ टक्के. आता साखळी पाहावी. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती गैरसमजाने रोज घेतली आणि जोडीला कॅल्शियमही चालू राहिले, तर रक्तातील कॅल्शियम चढते. लघवी वाढून शरीर कोरडे पडते आणि मूत्रपिंडाचे काम मंदावते. मग नेहमीच्याच मात्रेतील डॅबिगॅट्रान रक्तात साचून रक्तस्रावाचा धोका वाढतो. थायाझाइड गटाच्या रक्तदाबाच्या गोळ्या कॅल्शियम लघवीत जाऊ देत नाहीत. त्या चालू असतील तर ही साखळी अधिक लवकर पूर्ण होते.

भस्मे आणि पिष्टी

महाराष्ट्रात खनिजे केवळ ॲलोपॅथीच्या पट्टीतून येत नाहीत. शंखभस्म, प्रवाळपिष्टी, मौक्तिकपिष्टी ही कॅल्शियमची रूपे आहेत. लोहभस्म आणि मंडूरभस्म लोहाची. पित्तासाठी म्हणून घेतलेले शंखभस्म थायरॉइडच्या गोळीला कॅल्शियमच्या गोळीप्रमाणेच अडवू शकते, आणि मंडूरयुक्त वटीनेही शौच काळे होऊ शकते. ही औषधे वैद्यांकडून आलेली असल्याने हृदयरोगतज्ज्ञांसमोर त्यांचा उल्लेख होतोच असे नाही. तसेच वैद्यांना वॉर्फरिनची माहिती दिली जातेच असेही नाही. दोन्हीकडची यादी एकाच कागदावर असणे, एवढाच यावरचा साधा उपाय आहे.

वेष्टनामागचा मजकूर

गोळीच्या पट्टीवरील मोठ्या अक्षरांपेक्षा मागील बारीक अक्षरे अधिक सांगतात. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, कारण कार्बोनेटमध्ये त्याचे वजन ४० टक्के असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. त्यात आहारातले कॅल्शियमही मोजायचे असते. के जीवनसत्त्व दरवेळी 'के' या अक्षराने लिहिलेले नसते. मेनाक्विनोन-७, एमके-७ आणि के-२-७ ही एकाच द्रव्याची नावे. फायटोमेनॅडायोन किंवा फायटोनॅडायोन म्हणजे के-१. एकाच ब्रँडच्या नावाला शेपटासारखी दोन-तीन अक्षरे जोडून वेगवेगळ्या घटकांच्या गोळ्या विकल्या जातात. दुकानदाराने एक नसल्यास दुसरी दिली तर कॅल्शियम तेच राहते, पण के-२ आत येते.

आहारातून खनिजे

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तिच्यात के जीवनसत्त्व फारसे नसते. दूध, दही, ताक यांचेही तसेच. पालेभाज्यांचा हिशेब वेगळा. पालक, मेथी, शेपू, अळू, शेवग्याचा पाला यांत कॅल्शियम व लोहाबरोबर के-१ ही भरपूर असते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते ४०० मायक्रोग्रॅमहून अधिक भरते. म्हणून या भाज्या वर्ज्य ठरत नाहीत. आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे राहिले तरी पुरते. ते बिघडण्याचे प्रसंग ठरलेले असतात. हिवाळ्यात स्वस्त झालेली मेथी रोज ताटात येते आणि आयएनआर उतरतो. श्रावणात किंवा नवरात्रात साबुदाणा, वरई आणि बटाट्यावर दिवस काढले की भाजी बंद होते आणि तो चढतो.

बदलानंतरचे दिवस

नवी गोळी सुरू केल्यावर दुसऱ्याच दिवशीचा आयएनआर खरे चित्र दाखवत नाही. गोठण्याच्या सातव्या घटकाचे प्रमाण सुमारे सहा तासांत निम्मे होते, पण दुसऱ्या घटकाला त्यासाठी अडीच-तीन दिवस लागतात. औषधांतही फरक आहे. असिनोकौमारॉलचा अंमल काही तासांत ओसरू लागतो. वॉर्फरिनची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला दीड-दोन दिवस जातात. या सर्वांमुळे बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण आठवडा लागतो, आणि के-२-७ असेल तर अधिक. म्हणून के असलेली गोळी सुरू किंवा बंद झाल्यावर आठवड्याच्या सुमारास तपासणी आणि त्यानंतर आणखी एक, असा क्रम ठेवतात.

मर्यादा

परस्परसंबंधांचे पुष्कळसे ज्ञान प्रयोगशाळेतील निरीक्षणे, लहान अभ्यास आणि एकेका रुग्णाच्या नोंदींवर उभे आहे. वॉर्फरिनला लागणारी मात्रा जनुकांनुसारही बदलते, त्यामुळे एकाला न भोवलेली गोळी दुसऱ्याला भोवू शकते. काही लक्षणे मात्र तपासणीची वाट पाहण्याजोगी नसतात: डांबरासारखे शौच, लघवीतून किंवा उलटीतून रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, अचानक तीव्र डोकेदुखी, एका बाजूचा लुळेपणा. अशा वेळी रुग्णालय गाठणे हाच मार्ग. एरवीच्या दिवसांसाठी आयएनआरची वही पुरेशी आहे. तिच्यात तारीख, आकडा आणि मात्रा असे तीन रकाने असतात. नवे काय सुरू झाले, काय बंद झाले, असा चौथा रकाना आखला, की डब्यातल्या त्या चौथ्या गोळीचीही नोंद होऊ लागते. आणि पुढच्या वेळी आकडा हलला तर त्याचे कारण त्याच ओळीत सापडण्याची शक्यता वाढते.